झाकणं ढिली ठेवायचे दिवस

परवा सक्करदरा तलावाच्या बाजूनं घरी येत होते. रस्त्याला संत्र्यांच्या गाड्या लागलेल्या दिसल्या आणि मी ऑटोवाल्याला थांबवलं. घ्यायचं काही नव्हतं, घरी फळं पडून आहेत. नुसता वास घ्यायचा होता. पण ऑटो थांबवून वास घेते म्हटलं तर तो भला माणूस मला सरळ दवाखान्यात नेऊन टाकेल, म्हणून डझनभर संत्री मागितली. गाडीवाल्यानं संत्री दिली आणि गाडीखालून एक फुगलेली पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, शेजारच्या रसवाल्याची सालं आहेत, सकाळचीच, घेऊन जा मॅडम. मी जन्मभर पोरींना रसायनशास्त्र शिकवलं, आणि या भागात आता माझी ओळख उरली ती सालंवाली मॅडम एवढीच. मला त्याचं वाईट वाटत नाही. मुख्याध्यापकांनी निरोपाच्या भाषणात लावलेल्या विशेषणांपेक्षा हे बरं आहे.

हुडकेश्वरला घर येईपर्यंत तो वास मांडीवर होता. थोडा गोड, थोडा कडू, आणि नाकाला जरासा चावणारा. बाहेर डिसेंबरची थंडी, नागपूरची थंडी म्हणजे सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा. मी पिशवी नाकाशी धरून बसले आणि मागचा हिवाळा जसाच्या तसा समोर आला. त्यातली माझी फजितीसुद्धा.

आमच्या घरामागे टिनाचं एक शेड आहे. आमच्या ह्यांची जुनी स्कूटर तिथं असायची. स्कूटर गेली, शेड उरलं, आणि त्यात आम्ही दोघांनी टाकता येईना असं सगळं भरून ठेवलं. प्रज्ञाताई मागच्या गल्लीत राहतात. एका मोठ्या दवाखान्यात सफाईच्या बायकांवर मुख्य म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं, निवृत्त झाल्या आणि आठव्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाल्या की शेड रिकामं करून द्या. विनंती वगैरे काही नाही. असं बोलणारी बाई मला एकदम आवडते, कारण मीही तशीच आहे.

त्यांचं म्हणणं साधं होतं. दवाखान्यात त्यांच्या हाताखाली ज्या बायका फरशी पुसत, संडास धूत, त्यांचे हात अ‍ॅसिडनं आणि फिनाइलनं खलास झालेले त्यांनी पाहिले होते. हातमोजे कागदावर येत, बायकांपर्यंत येत नसत. रसवाल्यांकडची संत्र्याची सालं, गूळ आणि पाणी एकत्र आंबवलं की तीन महिन्यांनी जे पाणी होतं त्यानं फरशी स्वच्छ निघते आणि कातडी शाबूत राहते, हे त्या कुठंतरी शिकून आल्या होत्या. ते पाणी सफाईच्या बायकांनीच करायचं आणि विकायचं. त्यांचे आजोबा छप्पन साली दीक्षेला गावाहून पायी आले होते, हे प्रज्ञाताई कोणालाही पहिल्या दहा मिनिटांत सांगतात. परत गेल्यावर आजोबांनी गावातलं जुनं घाणीचं काम सोडलं, उपाशी राहू पण ते नाही म्हणाले, आणि खरंच काही दिवस उपाशी राहिले. हे सांगताना त्यांचा आवाज चढत नाही. आज भाजी काय केली ते सांगावं तसं सांगतात.

शेडमध्ये निळे ड्रम आले. सात ड्रम, आणि प्रत्येकावर खडूनं एकेका बाईचं नाव. त्यातला पहिला ड्रम सुनंदाचा.

सुनंदा तेव्हा दुकानांच्या एका मोठ्या इमारतीत संडास धुवायला जायची. उंच, सडपातळ, बोलणं कमी. पहिल्या दिवशी मी तिला एक संत्रं दिलं, तर तिनं ते पदरात ठेवलं. खा ना म्हटलं, तर म्हणाली, घरी पोरगी सोलून देईल. मला वाटलं लाजते. मग तिचे हात पाहिले. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, तळवा गुळगुळीत आणि लालसर, आणि संत्र्याचा रस त्या चिरांत गेला की आग होते. सालं उचलायलाही ती हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधायची. रेशनच्या दुकानात तिचा अंगठा मशीनवर उठत नसे. बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. म्हणून दर महिन्याला ती म्हाताऱ्या सासूला ऑटोत घालून न्यायची, सासूचा अंगठा लावायची आणि धान्य आणायची. सासू वाटभर टाकून बोलायची. हे मला प्रज्ञाताईंनी सांगितलं. सुनंदा त्यावर एकच वाक्य बोलली होती, आणि ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

“त्या मशीनले मी दिसतच नाही, मॅडम.”

मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योगनगरीतल्या, एका कंपनीची ऑर्डर आली तेव्हा शेडमध्ये चहा झाला, तो मीच केला. कंपनीचा एक तरुण अधिकारी येऊन गेला होता. चांगला मुलगा, बूट बाहेर काढून आत आला. शाश्वत विकास, मूल्याधिष्ठित उद्योग, असे शब्द त्यानं वापरले. तो गेल्यावर प्रज्ञाताईंनी विचारलं, मॅडम, हे आपल्याचबद्दल बोलून राहिले होते ना? आपण तर बाप्पा सालं सडवून राहिलो. आम्ही पोट धरून हसलो. पण ऑर्डर खरी होती. गुढीपाडव्याला सातही ड्रमांचं पाणी द्यायचं, ते पसंत पडलं की पुढं नेमानं. त्या ऑर्डरच्या भरवशावर सुनंदानं तिच्या ठेकेदाराला सांगून टाकलं की पाडव्यापासून मी येत नाही.

आता झाकणांचं सांगते. सालं, गूळ, पाणी भरलं की पहिला महिनाभर ड्रम आतून गॅस करतो. झाकण रोज सकाळी ढिलं करायचं, आतली हवा जाऊ द्यायची, मग पुन्हा अलगद ठेवायचं. घट्ट लावायचं नाही. घर माझं, म्हणून ते काम माझ्याकडे. सकाळी साडेसहाला शाल गुंडाळून मी शेडमध्ये जायची. एकेक झाकण फिरवलं की आतून सुस्स करून आवाज येई, दिवसभर राबलेली बाई टेकल्यावर सुस्कारा सोडते तसा. मग वास वर येई. पहिल्या आठवड्यात संत्र्याचा, दुसऱ्यात गुळाचा, नंतर जरा आंबूस. बाहेर धुकं, कुठंतरी कोणाचा तरी कोंबडा, आणि मी सात ड्रमांची हजेरी घेतेय. शाळा सुटल्यापासून इतक्या वेळेवर मी कुठंच गेले नव्हते. खरं सांगायचं तर त्या सकाळी मला फार सुख वाटायचं.

वासाची आणखी एक गंमत. गूळ आणि आंबलेलं फळ, त्यात सकाळ-संध्याकाळ बायकांची ये-जा. कॉलनीत हळूहळू बोललं जाऊ लागलं की मॅडमच्या मागच्या शेडमध्ये हातभट्टी लागली आहे. एक गृहस्थ तर संध्याकाळी येऊन, आडून आडून, मिळते काय म्हणून विचारून गेले. मी त्यांना फरशी पुसायचं पाणी दिलं. ते पुन्हा आले नाहीत.

आणि मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. यंदा मागच्या अंगणात करू, ऊन छान येतं, असं मीच ठरवलं. आदल्या संध्याकाळी सतरंज्या बघायला गेले तर शेडच्या दाराशी चिलटांचा हा थवा. आंबट वास आला की चिलटं आलीच. माझ्या डोळ्यांसमोर ती चिलटं तिळगुळावर बसली, वाटीतल्या हळदीवर बसली, कोपऱ्यावरच्या वहिनींच्या नाकावर बसली. मी आत गेले आणि झाकणं घट्ट लावून टाकली. जन्मभर प्रयोगशाळेत पोरींना ओरडले होते, बाटलीचं बूच घट्ट लावा गं. हाताला तीच सवय. सकाळी करायचं होतं पुरण, भरायच्या होत्या वाण लुटायच्या वाट्या, आणि झाकणं ढिली करायचं मी साफ विसरले. कोंडलेल्या वायूचा दाब वाढतो आणि भांडं फुटतं, हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवलं आहे. आकृतीत भांडं फुटतं. आपल्या घरचं फुटेल असं वाटत नाही.

चार वाजता पंधरा-वीस बायका अंगणात बसलेल्या, अत्तर लावून झालेलं, आणि पहिला आवाज आला. मला वाटलं रस्त्यावर ट्रकचं टायर गेलं. दुसरा आला तेव्हा शेडच्या टिनावर काहीतरी आपटलं. तिसऱ्याला कोपऱ्यावरच्या वहिनी किंचाळून उठल्या आणि तिळगुळाचं ताट पालथं झालं. शेडच्या दारातून नारिंगी पाण्याचा लोट सतरंजीकडे यायला लागला आणि चिंब सालं त्यात तरंगत होती. भरजरी साड्या वर धरून बायका कुंपणाकडे पळाल्या. त्यातल्या एकीनं मला फार काळजीनं विचारलं की मॅडम, पोलीस तर नाही येणार? आमचे हे वर पेपर वाचत होते. त्यांना कमी ऐकू येतं. संध्याकाळी खाली येऊन म्हणाले, लवकर आटोपलं तुमचं.

तीन ड्रम तळातून तडकले होते. माझ्या मनगटात जेवढा जोर होता तो पहिल्या तीन झाकणांवर संपला, बाकीची झाकणं अर्धवटच बसली होती, म्हणून ती चार वाचली. फुटलेल्यांतला एक सुनंदाचा. खडूनं लिहिलेलं नाव पाण्यानं ओघळून गेलं होतं.

प्रज्ञाताई आल्या. मी बोलणी खायला तयार होते. त्यांनी आधी उरलेली झाकणं ढिली केली, मग माझ्याकडे वळून विचारलं, तुमाले लागलं तर नाही ना? त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहू शकले असते. मी पायरीवर बसले आणि रडले. या वयात, हळदीकुंकवाच्या साडीत, अंगभर संत्र्याच्या चोथ्यात.

सुनंदा ड्यूटी करून सहाला आली. हातांना पिशव्या बांधून तिनं सगळी सालं गोळा केली. मग मला म्हणाली, मी तर तिथं सांगून आली मॅडम. तक्रार नव्हती, विचारणंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं की ठेकेदारानं तिला आठ दिवस दिलेत. राहायचं का नाही ते आठ दिवसांत सांग, नाहीतर तुझ्या जागी दुसरी येऊन राहिली. म्हणजे माझ्या एका संध्याकाळच्या टापटिपीमुळे ही बाई पुन्हा अ‍ॅसिडच्या बादलीत हात घालणार होती. मला जेवण जाईना. झोप लागली की टिनावर काहीतरी आपटायचं.

चौथ्या दिवशी मी इतवारीत गेले. घाऊक दुकानातून लिंबाच्या वासाचं फरशीचं पाणी, दोन मोठे कॅन, घेऊन आले. माझा हिशेब तयार होता. वाचलेल्या चार ड्रमांत हे मिसळायचं, रंग जुळतो, वासही आंबटच, पाडव्याला सात ड्रम पूर्ण. एकदाच. कोणाचं काय जातं? मी प्रज्ञाताईंना असं समजावलं जसं वर्गात समीकरण समजावते, पायरी पायरीनं, आणि मला वाटलं की माझं बरोबर आहे.

त्यांनी कॅनचं बूच उघडलं. वास घेतला. कॅन वळवून मागची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली. सुनंदा दाराशी उभी होती.

“मॅडम, सुनंदाचे हात ज्यानं गेले ना, ते यातच आहे. हे मी दुसऱ्या बाईच्या हातावर काहून पाठवू?”

खरं म्हणजे मला रागच आला. स्वतःचं गणित चुकलेलं मुलीनं दाखवलं की शिक्षकाला येतो तो राग. मग तो उतरला आणि खाली नुसती लाज राहिली. ते कॅन मी परत करून आले. दुकानदार काहून परत म्हणाला, तर मी सांगितलं, आमच्याकडे चालत नाही. खोटं नव्हतं.

प्रज्ञाताईंनी त्याच दुपारी कंपनीत फोन लावला. मी ऐकत होते. फार वेळ लागला नाही. तीन ड्रम फुटले, चूक आमची आहे, पाडव्याला चारच देऊ, बाकीचं तीन महिने मुरल्याशिवाय देणार नाही. पलीकडे त्या मुलानं कागद चाळले. मग म्हणाला, जेवढं आहे तेवढं आणा, पुढचं आत्ता सांगता येत नाही. प्रज्ञाताईंनी फोन ठेवला आणि सुनंदाला जसंच्या तसं सांगितलं. आशा लावली नाही, घाबरवलंही नाही. तू पाह्य वं, तुझ्यावर आहे, म्हणाल्या. चार दिवस उरले होते. सुनंदानं एक रात्र घेतली आणि सकाळी माझ्याआधी शेडमध्ये हजर. राह्यते मी इथंच, एवढंच म्हणाली, आणि झाकणं ढिली करायला लागली. ज्या बाईचं मी एवढं नुकसान केलं, तिच्या शेजारी उभी राहून मी उरलेली दोन झाकणं फिरवली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

फेब्रुवारीत मृगाची संत्री आली. आंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन बहार, आंबियाची फळं दिवाळीच्या आसपास सुरू होतात, मृगाची त्यांच्यानंतर. नागपूरला एक गेला की दुसरा येतो, आपण थोडं थांबायचं असतं. सुनंदानं तीन नवे ड्रम भरले. यावेळी झाकणांवर तिनं खडूनं लिहिलं, ढिलं ठेवा. कोणासाठी लिहिलंय ते मला कळलं.

पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला खाऊन आम्ही चार ड्रमांचं पाणी टेम्पोत घालून मिहानला गेलो. रुंद रुंद रस्ते, काचेच्या इमारती, आणि गेटवर आमच्या नारिंगी कॅनांकडे संशयानं बघणारा चौकीदार. त्या मुलानं सगळं उतरवून घेतलं, चहा दिला आणि सरळ सांगितलं की बाकीचं त्याला बाजारातून घ्यावं लागेल, पुढचं वरचे ठरवतील. येताना टेम्पोत प्रज्ञाताईंच्या मांडीवर पाडव्याची साखरगाठी होती, ती वितळून पिशवीला चिकटली.

एप्रिलचं ऊन आम्ही तसंच काढलं. सुनंदा एका पोळीभाजीच्या ठिकाणी सकाळी पोळ्या लाटायची आणि दुपारी शेडमध्ये यायची. पोळ्या लाटताना हाताला तेल लागतं, बरं वाटतं, म्हणायची. मला मात्र रोज वाटे की आज ती म्हणेल, मॅडम, जाते मी परत.

मग फोन आला. प्रज्ञाताईंनी आवाज मोठा करून मधे ठेवला. तो मुलगा हसत होता. म्हणाला, ताई, माझी पंचाईत झाली आहे. आमच्या सफाईच्या बायकांनी बाजारचे कॅन कोठीच्या बाहेर ओळीनं लावून ठेवलेत आणि हातच लावत नाहीत. म्हणतात, ते संत्र्याचं पाणी येईपर्यंत साध्या पाण्यानं पुसतो, आम्ही थांबतो. मी वरच्यांना काय सांगू? केव्हा देता?

मे संपल्याशिवाय होत नाही, असं प्रज्ञाताईंनी सांगितलं. एक दिवस आधी नाही. तो बरं म्हणाला. ज्या बायकांना आम्ही पाहिलंसुद्धा नव्हतं त्यांनी आमची बाजू धरली होती, नुसत्या हातांच्या साक्षीवर. मी आयुष्यभर पुराव्याशिवाय काही मानलं नाही, पण असा पुरावा मला कोणत्या पुस्तकात सापडला नव्हता. त्या दिवशी सुनंदानं पहिल्यांदा शेडमध्ये गाणं गुणगुणलं. बेसूर होतं.

आज तिच्या नावाचे दोन ड्रम आहेत, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर आणखी एक शेड चढतंय, आणि कोपऱ्यावरच्या वहिनी आमचं गिऱ्हाईक आहेत. हळदीकुंकू यंदा पुढच्या खोलीत करणार आहे. परवाची सालं मी रात्रीच भिजवली नाहीत, सुनंदासाठी ठेवली. तिला सालं स्वतः निवडायला आवडतात, आता नुसत्या हातांनी.

पण त्या हिवाळ्याचं नाव निघालं की मला खरी आठवते ती त्यानंतरच्या जूनमधली एक सकाळ. दुसरी खेप कंपनीत पोचून आठवडा झाला होता. मी गूळ आणायला गेले होते आणि बाजूच्या रेशनच्या दुकानापुढं रांगेत सुनंदा दिसली. एकटीच. सासूबाई कुठंय म्हटलं, तर म्हणाली, तिची तब्येत बरी नाही, आज पाहून घेते माझा अंगठा लागते काय, नाही लागला तर उद्या आणीन तिले. मी गूळ घेऊन तिच्याजवळ उभी राहिले. का राहिले ते मला सांगता येणार नाही.

तिची पाळी आली. तिनं अंगठा पदरानं पुसला आणि मशीनवर ठेवला. दुकानदार सवयीनं म्हणाला, होत नाही तुमचं बाई, उगाच. आणि मशीननं आवाज केला. त्यानं वाकून पाहिलं, तिचं पूर्ण नाव वाचलं, आडनावासकट, आणि तांदूळ मापायला वळला. मागची रांग सरकली. सुनंदा जागची हलली नाही.

“दादा, अजून एकदा घ्या ना.”

एकदा झालं की पुन्हा लागत नाही, म्हणाला तो, हटा आता. तिनं पिशवी उचलली, डाव्या हातात. उजवा अंगठा तिनं घरापर्यंत तसाच वर धरला होता, कुठं लागू नये म्हणून.